पलीकडची ठकठक

सुतार पडला तो दिवसाढवळ्या, अंगणाच्या ऐन मध्यावर, आणि चार माणसं बघत असताना पडला. पाय घसरून पडला म्हणावं तर त्याचे पाय घसरण्याच्याही पलीकडे गेले होते. डावं अंग लुळं पडलं तेव्हापासून त्याची बायको त्याला खुर्चीत बसवायची, कमरेला जुनी चादर आवळायची आणि खुर्ची मागे कलती करून अंगणापलीकडच्या संडासापर्यंत ओढत न्यायची. खुर्ची त्यानंच केलेली, शिसवी लाकडाची, दणकट. सुतारानं आयुष्यात कधी हलकं काम केलं नाही, त्याची शिक्षा आता बायकोच्या पाठीला होती.

आदल्या दिवशी रात्रभर पाऊस लागून अंगण लोण्यासारखं झालं होतं. खुर्चीचा मागचा पाय रुतला, ती एका अंगावर कलंडली आणि चादरीनं बांधलेला सुतार तिच्यासकट चिखलात तोंडावर गेला. बायकोनं ओढलं, पण ती स्वतःच घोट्यापर्यंत रुतली होती. वाटेनं जाणाऱ्या दोघांनी दुधाच्या कासंड्या खाली ठेवल्या आणि धावत येऊन त्याला उचललं. त्याच्या मिशीतून, नाकातून चिखल गळत होता. आणि पुढं संडासापर्यंत जायची गरजही उरली नव्हती, हे उचलणाऱ्यांना वासावरून कळलं. ते काही बोलले नाहीत. न बोलण्यानंच बायको मेल्याहून मेल्यासारखी झाली.

बायकोनं मान वर केली तर शेजारच्या उंबऱ्यात जाऊ उभी. धाकट्या दिराची बायको. एक पाय उंबऱ्याबाहेर टाकलेला, एक आत. ती पुढं आली नाही, आणि हिनं ये म्हटलं नाही. दोन्ही घरं एकाच छपराखालची, पण मधे भिंत होती आणि भिंतीच्या आरपार बारा वर्षं शब्द गेला नव्हता.

संध्याकाळी अंघोळ घालून पलंगावर टेकवल्यावर सुतार छपराकडे बघत म्हणाला, "उद्यापासून मला जेवायला देऊ नकोस."

"का हो?"

"जेवलो नाही तर जावं लागणार नाही."

तो विनोद करतोय की काय म्हणून तिनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं. अर्धं तोंड हलतच नव्हतं, उरलेल्या अर्ध्यावर विनोद नव्हता. त्याच वेळी तिनं ठरवून टाकलं, काय वाटेल ते होवो, संडास आणि मोरी घरात आणायची. पलंगापासून चार पावलांवर.

ती घरातली थोरली सून, म्हणून गावानं तिचं नाव थोरलीच ठेवलं होतं. ठरवलं की ठरवलं, अशी बाई. दुसऱ्या दिवशी तिनं चुलीतली राख घेतली आणि पलंगाच्या खोलीत जमिनीवर रेघा मारल्या. हे दार, ही भिंत, इथं बैठक, इथं पाण्याचं पिंप. मग रिकामी खुर्ची ओढून त्या राखेच्या दारातून आत नेली, वळवली, बाहेर काढली. पहिल्या खेपेला खुर्ची राखेच्या भिंतीवरून गेली. तिनं भिंत पुसली, वीतभर सरकवली आणि पुन्हा ओढली. सुतार पलंगावरून हे सगळं बघत होता.

"दार उजवीकडं उघडायला हवं," तो शेवटी न राहवून म्हणाला. "डावीकडं उघडलं तर खुर्ची अडकेल."

म्हणजे नवरा तयार झाला, हे तिनं ओळखलं. लगेच त्यानं पुढचं वाक्य टाकलं, "पण त्या भिंतीला हात लावायचा नाही."

आता राखेची खोली बसत होती ती नेमकी त्याच भिंतीला लागून.

पहिला ठेकेदार आला तो गोड बोलत. थोरली म्हणेल त्याला "होऊन जाईल." मोरी? होऊन जाईल. उतार? होऊन जाईल. पाणी कुठं काढणार? तेही होऊन जाईल. त्यानं टेप खिशातून काढलीसुद्धा नाही. थोरलीनं विचारलं, "आणि छप्पर उचलून पलीकडच्या रानात ठेवायचं असलं तर?" तो म्हणाला, "बघू की, होऊन जाईल." तिनं त्याला चहा पाजला आणि वाटेला लावलं.

दुसरा आला तो उंच, किडकिडीत, कानावर पेन्सिल खोचलेला. आल्या आल्या म्हणाला, "हे नाही व्हायचं बाई." राखेच्या रेघांकडे बघून म्हणाला, "हे कुणी आखलं? हे बरं आहे." थोरली मनातून फुलली, पण तोंड वाकडंच ठेवलं. जो माणूस आधी नाही म्हणतो त्याचं हो खरं असतं, असा तिचा उभ्या आयुष्याचा अनुभव. तिनं यालाच काम द्यायचं ठरवलं.

ठेकेदारानं खोली मापली, जमिनीला पाण्याची नळी लावून उतार पाहिला, खुर्चीची रुंदी घेतली. सुतार पलंगावरून एकेक माप ऐकत होता आणि ठेकेदाराच्या आधी बेरीज सांगत होता. कितीतरी दिवसांनी त्याच्या आवाजात धार आली होती. थोरलीला वाटलं, आता मार्गी लागलं.

मग ठेकेदार मधल्या भिंतीपाशी गेला आणि बोटाच्या पेरानं तिच्यावर टकटक करत चालू लागला.

"तिला हात लावायचा नाही," सुतार म्हणाला.

"हात नाही लावत, कान लावतोय." ठेकेदार थांबला. मान वर करून छपराकडे बघत राहिला. खोलीच्या या टोकापासून भिंतीत घुसून पलीकडच्या घरात जाणारी जाडजूड तुळई होती, सगळं छप्पर पोटाशी घेतलेली. "ही तुळई मधे कशावर टेकलीय?"

"भिंतीवर," सुतार म्हणाला.

ठेकेदारानं स्टूल मागितलं. वर चढून भिंतीच्या माथ्याचा गिलावा पेन्सिलीनं खरवडला. गिलाव्याचा पापुद्रा निघून थोरलीच्या केसांत पडला. मग त्यानं टेपची पोलादी पट्टी भिंत आणि तुळईच्या मधे धरली आणि ढकलली. पट्टी गेली. जात राहिली. हातभर पट्टी पलीकडच्या घरात गेली, कशालाही न अडता.

थोरली त्या पट्टीकडे बघत होती. आपल्याला काय दिसतंय हे तिला कळत होतं, पण डोक्यात शिरत नव्हतं. बारा वर्षं ज्या भिंतीच्या जिवावर ती या छपराखाली निजत होती, त्या भिंतीचा आणि छपराचा संबंधच नव्हता.

"इथं मधे खांब असणार," ठेकेदार खाली उतरून म्हणाला. "एवढी तुळई खांबाशिवाय कुणी घालत नाही. कुठाय खांब?"

सुतारानं तोंड फिरवलं. "चिरला."

"काय केला?"

"उभा चिरला. वाटणीत."

थोरलीनं मान खाली घातली. ती वाटणी गावाला अजून आठवत होती. भांडी निम्मी, गुरं निम्मी. जातं एकच होतं, तर वरची तळी थोरल्याकडे आणि खालची धाकट्याकडे गेली. त्या दिवसापासून दळायला दोन्ही घरं गिरणीत. आणि वाटणीची रेघ नेमकी मधल्या खांबावरून जात होती. खांब कुणाचा, यावर दोघं भाऊ एकमेकांच्या अंगावर गेले. तेव्हा सुतारानं आपली मोठी करवत काढली, तुळईला तात्पुरते टेकू दिले आणि बापानं रोवलेला खांब काढून वरपासून खालपर्यंत दोन फाका केला. रेघ सुतासारखी सरळ. असं चिरकाम गावात दुसऱ्या कुणाला जमलं नसतं, हे धाकट्यानंही मनात मान्य केलं असेल. एक फाक त्याच्या पुढ्यात टाकली. दुसऱ्या फाकेचा सुतारानं पलंग केला. याच पलंगावर तो आता पडला होता.

"मग गवंड्याला सांगितलं, भिंतीत विटांचा खांब घाल," सुतार म्हणाला. "त्याच्या बाजूनं घाल म्हटलं. माझी जागा कशाला अडवू? आणि त्यानं घातला म्हणून सांगितलं."

"घातलेला नाही," ठेकेदार म्हणाला. "भिंत अर्ध्या विटेची आहे. पडदा आहे नुसता. दादा, ही तुळई केव्हाच खाली यायला हवी होती. का आली नाही, तेच मला समजत नाही." त्यानं पेन्सिल कानावर खोचली. "पलीकडून बघितल्याशिवाय मी हातोडी उचलणार नाही. मोरी राहू दे, हे छप्पर आहे की नाही ते आधी बघू."

पलीकडं जायचं म्हणजे बारा वर्षांनी त्या उंबऱ्याला पाय लावायचा. धाकटीच्या दारात उभी राहून थोरलीनं घसा साफ केला, पण काय हाक मारावी ते सुचेना.

मान वर केली तर धाकटी समोरच उभी. हातांना गोठ्यातलं शेण, केस पांढरे झालेले. केव्हा झाले? भिंतीपलीकडं असूनही थोरलीनं ते पाहिले नव्हते.

"ठेकेदाराला तुमची मधली खोली बघायचीय," थोरली म्हणाली. "तुळईसाठी."

धाकटीच्या चेहऱ्यावरून काहीतरी सरकून गेलं. तिनं हात पदराला पुसले. "मधली?" ती म्हणाली. "या. पण जपून. डोकं लागेल."

धाकट्याला वाटणीत दोन मोठ्या खोल्या गेल्या, हे शल्य थोरलीनं बारा वर्षं उराशी धरलं होतं. मधली खोली तर सगळ्यात ऐसपैस. तिथं ते पाय पसरून झोपत असतील आणि आम्ही इथं कोंबड्यांसारखे, असं ती येईल त्याला सांगायची.

धाकटीनं दार ढकललं आणि थोरली उंबऱ्यातच थिजली.

खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. जमिनीपासून छपरापर्यंत टेकू उभे होते. बाभळीचे, निलगिरीचे, वाकडे, सरळ, जुने, कालपरवा सोललेल्या सालीचे. एका टेकूला दुसरा आडवा बांधलेला, दुसऱ्याला तिसरा. काही मधल्या भिंतीला रेलून तिरपे. एखादं रान घरात उगवावं तशी ती खोली. प्रत्येक टेकूच्या बुडाशी फळी आणि फळीवर ठोकलेली पाचर. अगदी मधे, तुळईच्या पोटाखाली, एका बाजूनं गोल आणि एका बाजूनं सपाट असा खांब होता. बापाच्या खांबाची दुसरी फाक.

"अरे बाप रे," ठेकेदार म्हणाला, आणि त्यानं डोक्यावरची टोपी काढली.

धाकटा गोठ्यातून मागच्या दारानं आला. खांद्यावर पोतं, पाठीला बाक. थोरलीला बघून तो थबकला. पोतं खाली ठेवायचं त्याला सुचलंच नाही, ते तसंच खांद्यावर घेऊन तो उभा राहिला.

"हे कधीपासून?" ठेकेदारानं विचारलं.

"पहिल्या पावसाळ्यापासून. तुळई बसायला लागली तेव्हा गवंड्याला धरला. म्हणाला, दादा म्हणतो खांब तुझ्या अंगाला घाल, तू म्हणतोस त्याच्या अंगाला घाल. मी दोघांचंही ऐकलं." धाकटा कडवट हसला. "म्हणजे कुणाच्याच अंगाला घातला नाही. मग मी टेकू दिले. दर पावसात लाकूड फुगतं, उन्हाळ्यात आक्रसतं. पाचर सैल होते, ती ठोकायची. दरसाल एकदोन टेकू वाढतात."

ठोकायची. थोरलीनं मधल्या भिंतीकडं पाहिलं.

ती ठकठक. पाऊस सरला की पलीकडून सुरू व्हायची, सलग तीनतीन दिवस. सुतार म्हणायचा, मुद्दाम करतो, मला डिवचायला. तीही तेच समजली होती. आणि नुसती समजून गप्प बसली नव्हती. खलातला बत्ता उचलून तिनं याच भिंतीवर दणादण हाणलं होतं. दरसाल. मनाचं समाधान होईपर्यंत.

"भावजी," तिचा आवाज फाटला. "मी बत्ता मारायची तेव्हा..."

"तेव्हा भिंतीकडचे टेकू हलायचे," धाकटा म्हणाला. त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. हवापाणी सांगावं तसं त्यानं सांगितलं. "तुमचं झालं की मी पुन्हा ठोकायचो."

थोरली मटकन उंबऱ्यावर बसली. आपल्याच डोक्यावरचं छप्पर आपण बत्त्यानं पाडत होतो आणि ज्याला शिव्या देत होतो तो ते पलीकडून धरून उभा होता, हे एका घासात गिळण्यासारखं नव्हतं.

"आणि तुम्ही निजता कुठं?"

"चुलीपाशी," धाकटी म्हणाली. "सगळी."

"अगं, मग सांगायचं नाही?" थोरली ओरडलीच. शरमेला दुसरा आवाज नसतो, म्हणून ती ओरडली.

"कुणाला सांगायचं?" धाकटीचाही आवाज चढला. "एकदा आले होते मी. तुम्ही माझ्या तोंडावर दार लावून घेतलंत. हे म्हणाले, आता सांगायला गेलो तर म्हणतील, जागा बळकावायला नवं निमित्त काढलं. टेकू काढून घ्या म्हटलं मी ह्यांना, कैक वेळा म्हटलं. खोटं कशाला बोलू? पडू दे त्यांच्या अंगावर, म्हटलं. ह्यांनी ऐकलं नाही."

ठेकेदार टेकूंच्या गर्दीतून वाकून फिरत होता. बाहेर येऊन म्हणाला, "बाई, आता माझं ऐका. आधी सिमेंटचा खांब. खाली पाया खणावा लागेल, चांगला ऐसपैस. तुमच्या बाजूनं घेतला तर तुमची राखेची खोली गेली. खुर्ची वळणार नाही तिथं. मोरी विसरा."

एवढं सगळं ऐकूनही थोरलीच्या डोळ्यांत पाणी आलं ते या शब्दावर. विसरा. तिला चिखलातलं नवऱ्याचं तोंड दिसलं. तिनं पदरानं डोळे पुसले आणि म्हणाली, "घ्या आमच्याच बाजूनं. भावजींनी आणखी किती वर्षं आपली जागा अडवून घ्यायची?"

ती घरी परतली आणि तिनं सुताराला सगळं सांगितलं. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "खोटं."

"माझ्या डोळ्यांनी पाहिलं."

"त्याला साधा खुंटा ठोकता येत नाही. तो काय छप्पर धरतोय?"

"चला मग, बघा."

चादर कमरेला आवळून तिनं खुर्ची कलती केली. रोज अंगणात उजवीकडं वळणारी खुर्ची आज डावीकडं वळली. चिखल सुकून खडबडीत झाला होता, खुर्ची खडखडत होती. धाकट्याच्या उंबऱ्याशी ती अडली. उंबरा उंच होता. थोरलीनं जोर लावला, पण पाठीत कळ आली. तेवढ्यात आत पोतं पडल्याचा आवाज झाला, धाकट्याचे दोन हात आले आणि त्यांनी खुर्चीचे पुढचे पाय धरले. मागून ठेकेदारानं उचललं. भावाची मान भावाच्या गुडघ्यांशी होती. दोघांनीही एकमेकांकडं पाहिलं नाही.

मधल्या खोलीच्या दारात खुर्ची टेकवली.

सुतारानं पाहिलं. डावा डोळा नीट मिटत नसे, त्यातून पाणी वाहायचंच, पण आता उजव्यातूनही आलं. तो एकेका टेकूवर नजर फिरवत होता, लाकूड विकत घेताना फिरवावी तशी, बुडापासून शेंड्यापर्यंत. खांबाच्या फाकेवर आला तेव्हा त्याची नजर थांबली. त्यानंच मारलेली करवत. रेघ सुतासारखी सरळ. त्याचा उजवा हात पुढं आला, पण फाक लांब होती, हात पोचला नाही. जवळच्या टेकूला हात लागला. त्यानं तो खाली खाली नेला. कमरेची चादर ताणली गेली, तरी तो वाकला. बुडाशी असलेल्या पाचरेला बोटं लागली. त्यानं ती हलवली. हलली.

"एकच पाचर मारलीयस," सुतार म्हणाला. जीभ जड होती, तरी शब्द कळले. बारा वर्षांत भावाशी बोललेले पहिले शब्द ते. "एक पाचर सरकते. समोरासमोर दोन मारायच्या असतात, गाढवा. मग धरतात."

धाकट्याचा चेहरा लालबुंद झाला.

"मग सांगायचं होतंस!" तो म्हणाला, आणि त्याचा आवाज लहान पोरासारखा चिरकला. "बारा वर्षं ठोकतोय मी! पलीकडं ऐकू येत होतं ना तुला? सुतार आहेस ना तू? सांगायचं होतंस!"

थोरलीला वाटलं, आता सुतार मोडणार.

"हातोडी दे," तो म्हणाला.

धाकटा जागचा हलेना. धाकटीनंच कोनाड्यातली हातोडी आणली, लाकडाच्या ढिगातून दुसरी पाचर उचलली आणि थोरल्या दिराच्या हातात दिली. मग ती ठेकेदाराकडं वळली आणि कुणालाच उद्देशून नसल्यासारखी, घाईघाईनं म्हणाली, "खांब झाला की ही खोली रिकामीच होणार. मोरी इथं काढा. उतार आमच्या नाल्याकडंच आहे. भिंतीत ह्यांच्या बाजूनं रुंद दार पाडा, खुर्ची येईल असं. पण कडी आमच्याही बाजूनं हवी. उगाच कुणी कधीही आत नको."

ठेकेदारानं कानावरची पेन्सिल काढली आणि लिहायला कागद शोधू लागला. कागद सापडेना, तेव्हा त्यानं भिंतीवरच लिहिलं.

"दार उजवीकडं उघडेल असं," थोरली म्हणाली.

सुतारानं दुसरी पाचर टेकूच्या बुडाशी, पहिलीच्या समोर धरायला पाहिली. पण धरायला दुसरा हात नव्हता. पाचर निसटून पडली. त्यानं पुन्हा उचलली, पुन्हा पडली. तेव्हा धाकटा गुडघ्यावर बसला आणि त्यानं ती दोन बोटांत पकडून ठेवली. तोंड दुसरीकडं फिरवलेलं.

"बोट सांभाळ," सुतार म्हणाला आणि त्यानं हातोडी उचलली.

ठक. ठक.

थोरली भिंतीला टेकून उभी होती. तोच आवाज, तीच चाल. फक्त आज ती पहिल्यांदाच या बाजूला होती. कुणीतरी पलीकडून रागानं बत्ता मारेल म्हणून तिनं नकळत कान दिला, आणि मारणारी तर इथंच उभी आहे हे आठवून तिचा हात तोंडावर गेला.